अकरा वर्षांत निल

आमच्या ऑफिसात नवा माणूस बदलून आला की त्याला दोन प्रश्न विचारले जात. रिटायर केव्हा, आणि लोन कधी संपतं. त्यावरून त्याला किती मान द्यायचा आणि चहाचे पैसे त्याला द्यायला लावायचे की नाही, हे ठरे. नागपुरात सरकारी नोकरीत लागलेला माणूस तिशीत कुठल्यातरी लेआउटमध्ये प्लॉट घेतो, पस्तिशी-चाळिशीत त्यावर घर बांधतो आणि मग रिटायर होईपर्यंत हप्ते भरत राहतो. मी याला अपवाद होतो. वीस वर्षांचं लोन मी अकरा वर्षांत निल केलं होतं.

निल हा आमचा शब्द. बँकेच्या शेवटच्या कागदावर बाकी रकमेपुढे तो छापून येतो आणि नागपुरात त्याचं थेट क्रियापद होऊन जातं. निल झालं का? निल करून टाक एकदाचं. या निलचा मी सात वर्षं टेंभा मिरवला. कोणाचं लोन मंजूर झालं की तो पेढे घेऊन माझ्या टेबलाशी येई, आणि मी पेढा तोंडात टाकून त्याला शहाणपण शिकवायला सुरुवात करी. मी कार घेतली नाही. बायकोला घेऊन हॉटेलात गेलो नाही. दिवाळीला पडदे बदलले नाहीत. महागाई भत्त्याची थकबाकी हातात पडली की सरळ बँकेत. "पहिली काही वर्षं हप्ता सारा व्याजातच जाते, मुद्दलाले तर खरचटतही नाही," मी सांगे. "म्हणून दोन पैसे आले की मुद्दलावर हाणायचे." ऐकणारे माना डोलवत. एकाने तर माझं बोलणं डायरीत उतरवून घेतलं.

ते सगळं खरं होतं. फक्त त्याने लोन अकरा वर्षांत निल झालं नव्हतं. माझ्या काटकसरीने फार तर दोन वर्षं कमी झाली असती. उरलेली सात वर्षं माझ्या बहिणीने फेडली, आणि त्याबद्दल मी तिला एक साडी घेऊन दिली.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला खाप्याला दिलेली. तिचे यजमान तिथल्याच शाळेत मास्तर. आमचे वडील उमरेडला कोळसा खाणीच्या ऑफिसात हजेरी लिहायचे. बस स्टँडपासून पायी पाच मिनिटांवर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, मागे चांगली ऐसपैस मोकळी जागा. घराला काही किंमत नव्हती, पण पुढचा रस्ता रुंद झाला आणि जागेला भाव आला. आई आधीच गेली होती. शेवटची दोन वर्षं वडील एकटे होते, तेव्हा बहीण दर पंधरा दिवसांनी खाप्याहून नागपूर आणि नागपूरहून उमरेड अशा दोन बस करून त्यांच्याकडे जायची, डबे भरून ठेवायची आणि परत फिरायची. मी जोडून सुट्टी आली तर जात असे. माझ्या लोनचं दहावं वर्ष चालू असताना वडील गेले.

बाप गेला की आमच्याकडे बहिणी हक्कसोड लिहून देतात. कायद्याने मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाटा मागणारीचं माहेर तुटलं, असंही सगळे धरून चालतात, आणि बहिणीही तसंच धरून चालतात. म्हणून बहीण रजिस्ट्री ऑफिसात जाऊन भावाच्या लाभात हक्क सोडते आणि भाऊ तिला साडीचोळी करतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मला लाज वाटली ती फार उशिरा, आणि तीही पकडला गेल्यावर.

जागेला गिऱ्हाईक आलं तेव्हा मी तिला फोन केला. "दोघांच्या नावानं राहिलं तर दर येळी तुले धावत यावं लागेल वं," मी म्हणालो. "तू एक सही करून दे. मग बघू आपण."

मग बघू हे मी विचार करून म्हटलं होतं. त्यात वचन नव्हतं आणि नकारही नव्हता. सरकारी पत्रं लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला असे शब्द शोधावे लागत नाहीत.

तिने एवढंच विचारलं, "आधार कार्ड आणू ना गा दादा?"

उमरेडच्या रजिस्ट्री ऑफिसात तिचा अंगठा मशीनवर उमटेना. दोनदा ठेवून झाला. तिथला क्लार्क म्हणाला, भांडी घासून घासून बायांच्या रेघा जातात, पदराने पुसा आणि पुन्हा ठेवा. तिने पुसला. मग त्याने कागद मोठ्याने वाचला. कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना. वाचून झाल्यावर त्याने मान वर केली. "समजलं ना बाई, काय लिहून देऊन राहिल्या ते?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा मुद्रांक शुल्काचा तक्ता वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो. "समजलं," ती म्हणाली आणि अंगठा ठेवला. या वेळी तो उमटला.

तिथून आम्ही बसने नागपूरला आलो आणि मी तिला बर्डीच्या बाजारात साडीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने ढीग पाडला. एक जांभळी रेशमी साडी तिने तीनदा हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, किमतीची चिठ्ठी पाहिली आणि बाजूला सारली. दुसरी, साधी, तिच्या निम्म्या किमतीची होती ती तिने उचलली. "हेच बरी," ती म्हणाली. "तुझं लोन आहे दादा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

जागेचे पैसे आले आणि आठवडाभरात बँकेत गेले. घराच्या कागदावर बँकेची जी नोंद चढलेली असते तिला बोजा म्हणतात. तो बोजा उतरल्याचा कागद घेऊन मी घरी आलो. बायकोने तो नीट वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "ताईंचं काही ठेवलं ना बाजूले?"

"तिनं लिहून दिलं आहे. स्वखुशीनं."

"लिहून तर सगळ्याच देतात."

मी भडकलो. "तुझ्या भावानं तुले काय दिलं होतं मग?" मी विचारलं. तिच्या भावाने तिलाही साडीच दिली होती. ती गच्चीवरचे कपडे काढायला निघून गेली आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

घर आपलं झालं म्हणून आम्ही सत्यनारायण केला. ऑफिसातले आले, लेआउटमधले शेजारी आले, खाप्याहून बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे जवाईबापू, आले. ती तीच साडी नेसून आली होती. जेवणं झाल्यावर बैठकीत कोणीतरी विचारलं, एवढ्या लवकर कसं जमलं, आणि मग मला कोण आवरणार? कार नाही, हॉटेल नाही, पडदे नाहीत, सगळा पाढा वाचून दाखवला. बहीण द्रोणात शिरा घालून एकेकाच्या हातात देत होती. माझ्याजवळ आली तेव्हाही मी बोलतच होतो. उमरेडची जागा विकल्याचं जवाईबापूंना ठाऊक होतं, पण त्यांनी ते नावही काढलं नाही. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल निव्वळ कौतुक होतं. मला त्याचं जरा नवल वाटलं आणि मग मी ते विसरूनही गेलो.

त्याच वर्षी त्यांचं खाप्याचं घर बांधायचं चाललं होतं. लोन किती वर्षांचं घ्यावं, हे ते मला तिथेच विचारू लागले. बँक वीस वर्षं द्यायला तयार होती. "आम्हीही अकराच घेतो," ते म्हणाले. "रिटायर व्हायच्या आत मोकळे."

"हप्ता झेपणार नाही आपल्याले," बहीण म्हणाली.

"दादाले झेपला तर आपल्याले काहून नाही झेपणार?"

तिने मान वळवली आणि रिकामे द्रोण गोळा करू लागली. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मला झेपला नव्हता, एवढंच. चार लोकांसमोर नको असतं तर बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी काय केलं? मी त्यांची पाठ थोपटली आणि म्हणालो, "हिंमत पाहिजे, जवाईबापू."

त्यानंतरची सात वर्षं मी ज्या सुखात घालवली ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. ऑफिसात मान होता. घरात हप्ता नव्हता. मी गच्चीवर एक खोली चढवली. बहीण रक्षाबंधनाला यायची, ओवाळायची, संध्याकाळच्या बसने परत जायची. राहा म्हटलं तर राहायची नाही. मी ओवाळणीत दर वर्षी थोडी वाढ करत गेलो आणि त्यावर माझं मन समाधान पावत असे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी जवाईबापू एकटेच आले. कन्हानच्या पात्रातलं मोठं टरबूज पिशवीत घालून आणलं होतं. बसले, पाणी प्यायले. मग शर्टाच्या खिशातून बँकेचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"आम्हाले नाही जमलं तुमच्यासारखं," ते म्हणाले.

अकरा वर्षांचा हप्ता फार मोठा होता. तीन-चार वर्षं त्यांनी तो कसाबसा ओढला. मग पोरीला इंजिनिअरिंगला घातलं आणि गळ्याशी आलं. शेवटी दोन वर्षांपूर्वी बँकेत जाऊन त्यांनी मुदत वाढवून घेतली, हप्ता खाली आणला. आता कागदावर जी शेवटची तारीख होती ती त्यांच्या रिटायरमेंटच्या पुढे पाच वर्षं जात होती. म्हणजे पेन्शनमधून हप्ते. हे सगळं ते मास्तर एखाद्या नापास पोरासारखे खाली मान घालून मला सांगत होते, माझी माफी मागत असल्यासारखे. आणि मी? मी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि म्हणालो, "खर्चाकडे लक्ष द्यावं लागते, जवाईबापू. आम्ही सात-आठ वर्षं पडदेसुद्धा..."

पडद्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हळूच मला थांबवलं.

"दादा, एक विचारू का? राग येऊ देऊ नका. हिच्या नावाची ती एफडी आहे ना तुमच्याजवळ. ते आता मोडली तर चालेल का?"

"कोणती एफडी?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, मी ते बोललो नाही. ते पुढे बोलत गेले म्हणून कळलं. उमरेडची जागा विकली तेव्हा त्यांच्या आईने, म्हणजे बहिणीच्या सासूने, विचारलं होतं की माहेरचं काय मिळालं. बहिणीने सांगितलं, दादाने माझा निम्मा वाटा माझ्या नावाने नागपुरात ठेवीत टाकला आहे, पोरीच्या लग्नापर्यंत त्याला हात लावायचा नाही असं आमचं ठरलं आहे.

"मी एका शब्दानं कधी विचारलं नाही," जवाईबापू म्हणाले. "तिच्या बापाचे पैसे. तिच्या भावाजवळ आहेत, म्हणजे बँकेपेक्षा बरे. पण आता पोरीनंच म्हटलं, लग्नाचं लग्नाच्या येळी पाहू, आधी घराचं निल करा. हिले सांगतलं तर हे ऐकतच नाही. म्हणून न सांगता आलो."

बायको पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे ती जशी पाहत होती तसं तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्यासमोर, त्यांच्यासमोर, मी म्हणालो, "आहे ना. आहे. पण मुदत पुरी व्हायची आहे अजून. मधात मोडली तर नुकसान होते. दोन-तीन महिने थांबा."

एवढ्या सफाईने. आधी विचार न करता. इतकं सरावलेलं होतं माझं तोंड.

ते गेल्यावर मी बहिणीला फोन लावला. यजमान येऊन गेले हे सांगितलं.

"तू काय सांगतलं?" तिने विचारलं.

"आहे म्हटलं."

"बरं केलं."

"तू असं काहून सांगतलं वं त्यांले?"

"मग काय सांगू गा?" तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "सासूनं सगळ्यांपुढं विचारलं. नणदा बसल्या होत्या. एक साडी दिली म्हणून सांगू? माह्या भावाले नावं ठेवली असती त्यांनी." मग म्हणाली, "अन् तू म्हटलं होतं ना, मग बघू. मले वाटलं, आज ना उद्या देशीलच. मग ते खोटं खोटं राहणार नाही."

ती सात वर्षं खाप्यात माझी अब्रू सांभाळून बसली होती. माझ्या घरी राहायला का येत नाही, याचं मी बायकोला सांगितलेलं कारण असं होतं की तिला आपल्या घराचा हेवा वाटतो. हे वाक्य मी माझ्या तोंडाने, या घरात, बोललो होतो. ते आठवलं आणि मी फोन ठेवला. बायको पोहे तसेच उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी मी पैसे घेऊन खाप्याला गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन महिने लावले. पहिला महिना तर मी हिशेब चुकवण्याच्या वाटा शोधण्यात घालवला. वडिलांच्या औषधाला मी खर्च केला होता, तो वजा करावा का? तेराव्याचा खर्च माझाच होता. नोंदणीचा, दलालाचा. एका कागदावर मी हे सगळं लिहिलं, आणि तो लिहिताना मला जराही लाज वाटली नाही, हे विशेष. कागद बायकोच्या हाती लागला. तिने तो वाचून पाहिला आणि म्हणाली, "यात ताईंच्या बसची तिकिटंही लिहा. दोन वर्षांची. दोन जाताना, दोन येताना." मी कागद फाडून टाकला.

माझ्याकडे रोकड नव्हती. रिटायर व्हायला वर्ष उरलेलं, होतं ते भविष्य निर्वाह निधीत. तो काढायला अर्जात कारण लिहावं लागतं. मुलीचं लग्न, आजारपण, घर. बहिणीचं देणं असा काही पर्याय छापलेला नाही. मी लिहिलं, घरदुरुस्ती. आस्थापना शाखेतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि हसून म्हणाल्या, "तुमचं बरं आहे साहेब, लोन निल, आता घर सजवा." त्यांच्या स्वतःच्या लोनची चौदा वर्षं राहिली होती. मी त्यांना दोनदा भाषण दिलं होतं.

किती द्यायचे, हेही मीच ठरवलं. जागा ज्या किमतीला विकली तिच्या निम्मे. सात वर्षांचं व्याज धरलं तर आकडा पुष्कळ वर जात होता, आणि निधीतून तेवढं काढलं तर रिटायरमेंटनंतर माझ्या हातात काही उरत नव्हतं. मी ठरवलं की मूळ रक्कम परत केली म्हणजे झालं. बायकोने विचारलं, "अन् व्याज?" मी म्हणालो, "मग बघू." ते शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते, पण आकडा मी बदलला नाही.

पैसे बहिणीच्या खात्यात टाकले आणि त्या रविवारी आम्ही दोघं खाप्याला गेलो. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि खुर्च्यांवर, पलंगावर, खिडकीच्या गजांना सगळीकडे ब्लाउज लटकत होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. पोरगी इंजिनिअरिंगला लागल्यापासून बहीण अर्ध्या गावाचं शिवते, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं त्या दिवशी. जवाईबापूंनी घाईघाईने दोन खुर्च्यांवरचे कपडे उचलून आम्हाला जागा केली. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण कान तिखट.

बहिणीने पाटवडीचा रस्सा केला होता. आम्ही खाली पाटावर बसलो, ती वाढत होती. जवाईबापूंचा आनंद लपत नव्हता. सोमवारीच बँकेत जाणार होते. या पैशांत सगळं लोन फिटत नव्हतं, पण जे उरणार होतं ते रिटायरमेंटच्या आत संपणार होतं. त्यांनी तसं बँकेतून लिहून आणलं होतं. "माणसं भावाभावांत कोर्टात जातात," ते आईला म्हणाले, "अन् इथं पाह्य. न मागता बहिणीचं सांभाळून ठेवलं."

सासूबाईंनी मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् व्याज किती आलं बाबू?"

"अवं आई," जवाईबापू म्हणाले. पण तेही आता माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ते मास्तर होते, गणित शिकवायचे, आणि जेवढं जागेच्या किमतीचं निम्मं तेवढीच रक्कम खात्यात आली हे त्यांच्या लक्षात आलं असणारच. "हो दादा, सात वर्षं ठेव होती म्हणजे व्याज तर..."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंही असतं, असं मला वाटतं. पण मला खात्री नाही.

"व्याज मी दर वर्षी घेऊन राहिली होती ना," बहीण म्हणाली. ती माझ्या ताटात रस्सा वाढत होती, तिने मान वरसुद्धा केली नाही. "दादा पाठवत होता. पोरीची फी त्यातूनच तर भरली."

"फी?" जवाईबापू म्हणाले. "मले वाटे तू शिलाईतून भरते."

"ब्लाउज शिवून कुठं इतके पैसे येतात हो," ती म्हणाली आणि पळी पातेल्यात ठेवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हो ना गा दादा?"

तिच्या मागे खिडकीच्या गजांना ते सगळे ब्लाउज लटकत होते.

"हो," मी म्हणालो, आणि जवाईबापूंनी भरल्या ताटावरून माझ्यापुढे हात जोडले.